काचपट्टीवरचे दाणे

हिंगोलीत मी सव्वीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. शिक्षण बारावी सायन्स आणि त्यावर नांदेडला केलेला लॅब टेक्निशियनचा कोर्स. आमच्या वस्तीतून असा कोर्स केलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे आई सगळ्यांना मी ‘डॉक्टरच्या बराबरीची’ आहे असं सांगत फिरायची. प्रत्यक्षात मी बसस्टँडमागच्या एका खासगी लॅबमध्ये सकाळी साडेआठपासून लोकांना सुया टोचत असायची. हात पुढे करण्याआधी आडनाव विचारणारेही भेटले. सुई दिसली की ते आडनाव विसरून डोळे गच्च मिटून घेत.

या धंद्यात वैताग फार. लघवी तपासायची तर घरातली कोणतीही बाटली चालते असा लोकांचा समज. एकदा एका तगड्या पैलवानाच्या लघवीत एवढी साखर निघाली की मी घाबरूनच गेले. मग बाटली नाकाशी नेली, तर खोकल्याच्या औषधाचा वास. बाटली धुतलीच नव्हती. म्हणाला, ‘‘धुवायची व्हती व्हय? मला वाटलं, औषधाचीच बाटली हाय, सोच्छ असंल.’’ डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा वैताग वेगळा. एक खेड्यातले डॉक्टर तर चिठ्ठीवर फक्त ‘सगळं पाहणे’ एवढंच लिहायचे.

पण सगळ्यात जास्त जीव कातावायचा तो ज्या बायांचा गर्भ राहतो पण टिकत नाही त्यांच्या बाबतीत. एकदा पडला, दोनदा पडला, तिसऱ्यांदा पडला की सासू तिला घेऊन यायची. तोवर त्या बाईचे दोन्ही हात सुयांनी निळे झालेले असत, आणि नवऱ्याच्या हाताला जन्मात एकदाही सुई लागलेली नसे. ‘‘ह्यांचा रक्तगट पाहिला का?’’ असं विचारलं की सासू माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिच्या मुलाला चोर म्हटलं. त्याच बायांमधल्या एकीची, आमच्याकडच्या गोरेगावच्या सुनंदाची, ही हकिकत. ती मी आजवर कुठे लिहिली नाही, कारण तिच्यात चूक माझी आहे.

हिंगोली जिल्हा व्हायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती. आमची कचेरीची सगळी कामं परभणीला असायची. मार्चचा महिना होता. सुनंदा सासूबरोबर आली. वय बावीस-तेवीस, अंगानं बारीक, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. तिचा नवरा गजानन गोरेगाव-सेनगाव जीप चालवायचा. सासूला सगळे आक्का म्हणत. सुनंदाचं तिसरं गरोदरपण पाचव्या महिन्यात संपून पंधरा दिवस झाले होते. हे मला आक्कांनी सांगितलं. सुनंदा एक शब्द बोलली नाही आणि मीही तिला एक शब्द विचारला नाही. बाकावर चौदा माणसं ताटकळत होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं तेवढं रक्त मी काढलं आणि ‘पुढचा’ म्हणून हाक दिली.

चिठ्ठीवर व्हीडीआरएल ही तपासणी होती. गरोदर बाईची, गर्भ पडलेल्या बाईची ती तेव्हा सर्रास करत. लैंगिक संबंधातून होणारा एक जुना रोग आहे, लोक त्याला गरमी म्हणतात. तो रक्तात आहे का, ते या तपासणीवरून कळतं. पद्धत साधी आहे. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं ते गरम करून घ्यायचं, गोल घरं पाडलेल्या काचपट्टीवर त्याचा थेंब टाकायचा, त्यात बाटलीतल्या औषधाचा एक थेंब मिसळायचा आणि काचपट्टी चार मिनिटं गोल गोल फिरवायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. सगळं एकसारखं दुधाळ दिसलं तर काही नाही. दही फुटल्यासारखे दाणे दिसले तर रिपोर्ट ‘रिअॅक्टिव्ह’.

सुनंदाच्या थेंबात दाणे दिसले. फार नव्हते, पण होते. रक्ताचं पाणी चौपट पातळ केलं तरी दिसत होते, आठपट केल्यावर गेले. खऱ्या रोगात बहुतेक वेळा याहून कितीतरी जास्त पातळ केलं तरी दाणे जात नाहीत. हे मला ठाऊक होतं. पण आमच्या छापील कागदावर ‘रिअॅक्टिव्ह’ आणि ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ एवढे दोनच शब्द होते, एक खोडायचा आणि एक ठेवायचा. मी एक खोडला.

संध्याकाळी कागद न्यायला आक्का एकट्याच आल्या.

‘‘काय निंगालं?’’

‘‘ते डॉक्टरांना विचारा,’’ मी म्हणाले. हे आमचं ठरलेलं उत्तर. आम्ही रोगाचं नाव घ्यायचं नाही असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. पण ज्या बाईचं रक्त आहे तिच्याच हातात कागद द्यावा, असा नियम तेव्हा कोणी केला नव्हता आणि मलाही तो सुचला नाही.

माझ्या लेखी काम संपलं.

पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी सुनंदा एकटीच आली. सकाळची गर्दी ओसरेपर्यंत ती बाकाच्या टोकाला बसून राहिली. मला वाटलं, कुणाची तरी नातलग असेल. शेवटी ती टेबलाजवळ आली, पिशवीतून एक कागद काढला. इतक्या वेळा उघडून मिटलेला, की घडीवर तो फाटायला आला होता.

‘‘ताई, ह्याच्यात काय लिव्हलं हाय ते मला वाचून दाखवा.’’

मी पाहिलं. कागद आमचा, सही माझी.

‘‘डॉक्टरांनी सांगितलं नाही का?’’

‘‘डाक्टरच्या आधी गोरेगावच्या कंपाउंडरनं वाचलं. फाट्यावरच. म्हणला, हा बाहेरून लागलेला रोग हाय.’’ ती एका सुरात बोलत होती. ‘‘मंग मला सात इंजेक्शनं देल्ली. मंग ह्यायनं मला जिपीत बसवलं आन् साखऱ्याला, माझ्या मायच्या दारात उतरवलं. जिपीचं इंजन बी बंद केलं न्हाई.’’

मी कागद टेबलावर सपाट केला.

‘‘भावजय माझं ताट येगळं ठिवते,’’ ती म्हणाली. ‘‘ताई, मी तं कुठंच गेले न्हाई. मंग हे मला काहून झालं?’’

मी विचारलं, ‘‘नवऱ्याचं रक्त तपासलं का?’’

‘‘त्यायला कोन म्हनंल?’’

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचाच राग आला. म्हणायचं तोंडावर, तुमचंही तपासा म्हणून! मग माझ्या लक्षात आलं की मार्चमध्ये हे म्हणणं माझं काम होतं. नियम दाखवून मी गप्प बसले होते.

कोर्सला असताना या तपासणीवरच्या धड्याच्या शेवटी बारीक अक्षरात एक परिच्छेद होता. मलेरियात, कुष्ठरोगात, कधी नुसत्या गरोदरपणात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा काही आजारांत ही तपासणी उगाच रिअॅक्टिव्ह येऊ शकते. म्हणून दुसऱ्या तपासणीनं खात्री करावी. परीक्षेत तो प्रश्न आला होता आणि मला पूर्ण मार्क पडले होते.

मी तिचं रक्त पुन्हा घेतलं. सात इंजेक्शनं झाली होती, पाच महिने उलटले होते, आणि दाणे तसेच, चौपट पातळ केल्यावरही दिसणारे. मग खात्रीच्या तपासणीसाठी नमुना नांदेडला पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं: निगेटिव्ह. म्हणजे गरमीचा रोग तिला नव्हता. कधी झालेलाच नव्हता.

आमच्याकडे दर गुरुवारी नांदेडहून एक पॅथॉलॉजिस्ट सर येत. अतिशय हुशार आणि अतिशय तिरसट. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

‘‘किती गर्भ पडले?’’

‘‘तीन.’’

‘‘कितव्या महिन्यात?’’

‘‘शेवटचा पाचव्या. आधीचे माहीत नाहीत.’’

‘‘विचारायला तोंड दुखतं का तुमचं?’’ सर ओरडले. मग एका कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीवर चित्रं काढत त्यांनी मला समजावलं.

ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंना मारणारी एक फौज असते. काही माणसांत ही फौज चुकून स्वतःच्याच शरीरातल्या स्निग्ध पदार्थांवर हत्यार उचलते. एरवी त्या माणसाला काही कळत नाही. बाई गरोदर राहिली की मात्र घोटाळा होतो. बाळाला अन्न पोचवणारी जी वार असते, तिच्या बारीक नसांत रक्त गोठायला लागतं. वार नीट वाढत नाही, बाळ उपाशी पडतं आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या महिन्यात जातं. आणि गंमत अशी, की व्हीडीआरएलच्या बाटलीत आम्ही जे औषध वापरतो, त्यात तसलाच स्निग्ध पदार्थ असतो, गुरांच्या हृदयातून काढलेला. सुनंदाच्या रक्तातली ती हत्यारं काचपट्टीवर त्याच्यावरही तुटून पडत होती. ते माझे दाणे.

‘‘म्हणजे सर, तपासणीनं खरं कारणच दाखवलं होतं?’’

‘‘दाखवलं होतं. वाचलं कुणी नाही,’’ सर म्हणाले आणि चहा मागवला.

पक्कं करायला अजून एक खास तपासणी लागणार होती. ती तेव्हा नांदेडलाही होत नसे. नमुना तिथून रेल्वेनं हैदराबादला जायचा. मी साखऱ्याला कार्ड टाकून सुनंदाला बोलावलं, रक्त घेतलं, वरचं पाणी वेगळं केलं, बर्फाच्या थर्मासमध्ये नळी ठेवली आणि थर्मास नांदेडच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिला. एसटी वारंगा फाट्यावर बंद पडली. कंडक्टरनं थर्मास सावलीला म्हणून एका चहाच्या हॉटेलात ठेवला. ऑक्टोबरचं ऊन. कुणीतरी त्याचं झाकण उघडलं, आत बर्फाचं गार पाणी पाहिलं आणि ते पिऊन टाकलं. नळी तेवढी इमानदारीनं परत ठेवली. संध्याकाळी थर्मास नांदेडला पोचला तेव्हा आतली नळी चहाइतकी गरम होती. त्यांनी फेकून दिली.

मला रडूच आलं. नमुना गेल्याचं नव्हे. साखऱ्याहून त्या मुलीला आता परत बोलवायचं कसं, याचं. भाऊ तिला बाहेर सोडायला कुरकुर करायचा. ती पंधरा दिवसांनी आली. मी कारण सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

‘‘पिलं तं पिलं, तहान लागली असंल बिचाऱ्याला.’’

दुसऱ्या वेळी मी एक दिवसाची रजा काढली आणि थर्मास मांडीवर घेऊन नांदेडला स्वतः गेले. उत्तर आलं ते पॉझिटिव्ह, चांगलंच जोरात. पण ही तपासणी काही आठवड्यांनी परत करून परत तसंच आलं तरच खरं धरायचं, असा दंडक. म्हणजे आणखी एक कार्ड, आणखी एक खेप, मांडीवर आणखी एकदा थर्मास. ती खेप डिसेंबरात झाली. तीही पॉझिटिव्ह.

हिंगोलीतल्या स्त्रीरोग डॉक्टरीणबाईंना मी सगळे कागद दाखवले. त्या म्हणाल्या, ‘‘औषध आहे. रक्त गोठू न देणारं. सगळ्यांना यश येतं असं नाही, पण पुष्कळांना येतं. पण औषध सुरू करायला आधी गर्भ राहायला हवा, आणि त्याला नवरा हवा. तो कुठाय?’’

सुनंदाला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मला माघारी जायचंच हाय असं न्हाई, ताई. पन माझ्या अंगात तसला रोग न्हाई, हे त्या गावात कोनीतरी सांगाया पायजे. माझं कोनी ऐकंना.’’

रविवारी मी गोरेगावला गेले. जीप थांब्यावरच उभी होती आणि गजानन बॉनेटमध्ये डोकं घालून काही करत होता. उंच, आडवा माणूस. मी नाव सांगितलं. तो हात पुसत मला घरी घेऊन गेला. आक्का दारातच गहू पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, पण सूप काही खाली ठेवलं नाही.

मी सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील.

‘‘मंग मशीन काय खोटं बोललं का?’’ आक्का म्हणाल्या.

‘‘मशीन नव्हतं. मी डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं. दिसलं ते खरं होतं, पण त्याचा अर्थ तो नव्हता. दुसरी तपासणी करायला पाहिजे होती. मी ती करा म्हणून सांगितलं नाही. चूक माझी आहे.’’

‘‘आता काय उपेग? आमी कळमनुरीकडची दुसरी पोरगी पाहून ठिवली हाय.’’

मी गजाननकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून अंगठ्याच्या नखातलं ऑइल काढत होता.

‘‘मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘तिला लेकरू होईल का?’’

हा प्रश्न! त्या मुलीला नऊ महिने घराबाहेर काढलं, गावात तिचं नाव झालं, आणि हा मला हे विचारतो. माझा आवाज चढला. मी म्हणाले, ‘‘ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. तिला कसलाही वाईट रोग नाही, एवढं माहीत आहे. आणि तिसऱ्यांदा गर्भ पडल्यावर पंधरा दिवसांत तुम्ही तिला माझ्यासमोर बसवलं, तेव्हा ती कशी आहे हे तुम्ही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी आज ते कबूल करायला आले. तुम्हाला यायचं असेल तर या.’’

शेजारच्या दोन बाया भिंतीवरून ऐकत होत्या. मला आनंदच झाला. ऐकू दे म्हटलं. परतताना जीपथांब्यावरच्या कंपाउंडरलाही त्याच्या औषधाच्या दुकानात शिरून हेच सगळं ऐकवलं. तो ‘व्हय मॅडम, व्हय मॅडम’ करत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘‘पन तुमचा रिपोट तं तसाच व्हता ना!’’

महिनाभर काही झालं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी लॅबच्या दाराशी जीप लागली. गजानन खाली उतरला आणि मागून सुनंदा. तो साखऱ्याला जाऊन तिला घेऊन आला होता. मला वाटलं, झालं, मिटलं. पण सुनंदा थेट टेबलाशी आली.

‘‘ताई, आधी ह्यांचं रगत घ्या. आन् रिपोट माझ्या हातात द्या.’’

गजानननं इकडेतिकडे पाहिलं. बाकावर सात-आठ लोक बसले होते. एकजण ओळखीचा असावा, कारण गजाननचे कान लाल झाले. पण त्यानं बाही वर केली. सुई आत गेली आणि तो आडवा माणूस स्टुलावरून हळूहळू डावीकडे कलला. मी आणि सुनंदानं धरून त्याला बाकावर झोपवलं. तोंडावर पाणी मारलं. सुनंदा पदरानं त्याला वारा घालत होती, पण चेहरा अगदी कोरा.

तासाभरानं कागद तयार झाला. नॉन-रिअॅक्टिव्ह. मी तो सुनंदाच्या हातात दिला. तिनं तो मला परत मोठ्यानं वाचायला लावला. नाव, वय, गाव, सगळं. मग घडी करून पिशवीत ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘तुमी बी साफ, मी बी साफ. आता बोला.’’

तो बाकावरून उठला. ‘‘चुकलं माझं,’’ म्हणाला.

‘‘घरी गेल्यावर आक्कासमोर म्हना,’’ ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन पुढच्या सीटवर बसली.

तो घरी जाऊन म्हणाला का, मला माहीत नाही. कळमनुरीच्या मुलीचं दुसरीकडे जमलं एवढं ऐकलं.

सुनंदाला दिवस गेले ते पुढच्या दिवाळीच्या सुमारास. डॉक्टरीणबाईंनी रोज एक छोटी ॲस्पिरिनची गोळी आणि रक्त न गोठू देणारं इंजेक्शन सुरू केलं. इंजेक्शन दिवसातून दोनदा, पोटाच्या कातडीत. एवढं ऐकून गोरेगावचा कंपाउंडर मागे सरला. ‘‘पोटुशीच्या पोटात सुई? मी न्हाई बा.’’ आक्कांनी तर घर डोक्यावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ हिंगोलीला यायचं म्हटलं तर रस्त्यानंच बाई खलास. शेवटी गजानन माझ्याकडे आला. मी अर्धा डझन मोसंब्या आणल्या आणि त्याला शिकवलं: साल चिमटीत धरायची, सुई बारीक, अलगद आत, घाई नाही. ज्याला सुई पाहून भोवळ आली होती, त्यानं त्या दिवशी चार मोसंब्या पंक्चर केल्या. पाचव्या खेपेला सुई अलगद आत गेली.

त्या सहा-सात महिन्यांत त्यानं तिला चारशेच्या आसपास इंजेक्शनं दिली असतील. जीपच्या फेऱ्या त्या वेळांप्रमाणे बांधून घेतल्या. औषधाच्या बाटल्या पाण्याच्या माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायचा. पोटावर निळे-काळे डाग पडले, ते पाहून शेजारच्या बाया म्हणायच्या, ‘‘मारून राहिला का काय?’’ या औषधानं कधीकधी रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशीच कमी होतात, म्हणून सुनंदा सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग पंधरा दिवसांनी माझ्याकडे यायची आणि मी त्या पेशी मोजायची. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून एकेक पेशी मोजताना मी कधी इतकी सावध नव्हते. एकदा शंका आली म्हणून तिसऱ्यांदा मोजलं आणि बाकावरच्या एका मास्तरांनी माझ्या नावानं मालकांकडे तक्रार केली.

पाचवा महिना लागला त्या आठवड्यात ती काही काम नसताना आली आणि दिवसभर बाकावर बसली. ‘‘घरी बसवंना,’’ म्हणाली. दुपारी डबा दोघींनी खाल्ला.

आठव्या महिन्यात बाळ वाढेना. नांदेडला नेऊन सिझर करावं लागलं. मुलगी, पावणेदोन किलोची. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. त्याच सुमारास हिंगोली जिल्हा झाला म्हणून आमच्याकडे सगळीकडे फटाके वाजत होते, आणि मी फोनच्या बूथवर नंबर लावून उभी होते. ‘‘आज पाजलं,’’ सुनंदा पलीकडून म्हणाली. फटाक्यांमुळे मला नीट ऐकूही येईना. मी तीनदा ‘काय?’ म्हणाले.

बारशाला गेले तर आक्का पाहुण्यांना सांगत होत्या की स्वयंपाकघरात चुलीचं तोंड बदललं, तेव्हापासून घरात लेकरू टिकलं. चारशे सुया, दोन वेळा हैदराबाद, माझ्या मांडीवरचा थर्मास, सगळं चुलीनं गिळलं! वर आणखी, ‘‘पोरगं असतं तं बराबर झालं असतं.’’ मी बर्फी न खाताच उठणार होते. गजाननच्या हातात पोरगी होती आणि तो तिला ज्या सावधपणे धरून होता ते पाहून बसले.

पुढे या तपासण्यांची आमच्या भागात फॅशनच झाली. एकदा गर्भ पडला तरी चिठ्ठीवर सगळी यादी. आधी कुणी वाचत नव्हतं, आता कुणी थांबत नव्हतं. काही बायांच्या बाबतीत कारण सापडलं आणि त्यांच्या घरात लेकरं आली. त्याहून जास्त बाया अशा, की सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या आणि गर्भ तरीही टिकला नाही. वारंगा फाट्यावरचं हॉटेल चालवणारं एक जोडपं मला आठवतं. त्यांना मोठ्या शहरात कुणीतरी सांगितलं, की बायकोची प्रतिकारशक्ती नवऱ्याच्या अंशाला परका समजते, म्हणून नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची लस बायकोला टोचायची. ते दोघं हॉटेल बंद ठेवून पाच वेळा गेले. मी गुरुवारच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले की याचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. हे त्या बाईला मी सांगितलं, या वेळी गप्प राहिले नाही. ती म्हणाली, ‘‘मॅडम, तुमी दुसरं काही सांगता का? न्हाई ना? मंग जाऊ द्या.’’ त्यांना मूल झालं नाही. अजून ते हॉटेल चालवतात आणि मी उतरले की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

सुनंदाची मुलगी पूनम. ती पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेत रक्तगट लिहून मागितला म्हणून सुनंदा तिला घेऊन आली. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. ‘‘एवढ्या सुया परत न्हाई,’’ म्हणायची. ती आता अंगानं भरली होती, गोरेगावात तिनं शिलाईचं मशीन टाकलं होतं. मी पूनमच्या बोटाला टोचलं आणि ती सगळं बसस्टँड गोळा होईल अशी ओरडली. कापूस धरून सुनंदा तिच्याजवळ बसली. गर्दी नव्हती. मला बरं वाटत होतं, म्हणून मी विचारलं. एरवी विचारलं नसतं.

‘‘सुनंदा, माझ्यावरचा राग गेला का गं?’’

तिनं पोरीच्या बोटावरचा कापूस उचलून पाहिला, परत दाबून धरला.

‘‘न्हाई ताई,’’ ती म्हणाली. अगदी साधेपणानं, भाजीचा भाव सांगावा तसं. ‘‘ह्यांच्यावरचा गेला. आक्कावरचा बी गेला. त्यायला काई कळत नव्हतं. तुमाला कळत व्हतं.’’

मग पूनमला शाळेच्या वेळेत पोचवायचं म्हणून ती उठली, रिपोर्ट संध्याकाळी नेते म्हणाली आणि गेली. मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं. त्याला ऐकू गेलं नाही, दुसऱ्यांदा पुकारावं लागलं.